त्रिस्सिनो ते लोटे : न तुटणाऱ्या बंधाचा इतिहास

पंचगंगेत मासे मेल्याची बातमी कोल्हापूरकरांना नवीन नाही. पात्रातले पाणी कमी झाले आणि त्यात मळीमिश्रित सांडपाणी व गावोगावचे मैलापाणी मिसळले, की पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपत जातो आणि तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच दिसू लागतो. असे का होते, हे आपण वर्गात शिकवतो. मळीतील सेंद्रिय पदार्थ हे जिवाणूंचे खाद्य असते. ते खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, हे जिवाणूंच्या या भुकेचेच माप आहे.

या वाईट बातमीतही एक दिलासा असतो. जिवाणू खातात याचा अर्थ पदार्थ संपतो. सांडपाणी थांबले आणि पावसाळ्यात कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचे नवे पाणी आले की नदी सावरते. मात्र एखादा पदार्थ जिवाणूंनी तोंडी लावायचाच नाही असे ठरवले तर? त्या पदार्थामुळे ऑक्सिजन कमी होणार नाही, मासे तडफडणार नाहीत, पाण्याला वास वा रंग येणार नाही. बीओडीच्या मोजपट्टीवर ते पाणी निर्दोष ठरेल, आणि पदार्थ मात्र तसाच पुढे वाहत राहील.

उद्योगधंद्यांत वापरली जाणारी अनेक फ्लोरीनयुक्त रसायने या जातीची आहेत. त्यांचा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असे आम्हांला वाटते. तो केवळ रसायनशास्त्राचा इतिहास नाही. तो उशिरा झालेल्या मोजण्यांचा इतिहास आहे, आणि त्याचे एक अलीकडचे प्रकरण सह्याद्रीपलीकडे, आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात लिहिले जात आहे.

एका गुणाची कीर्ती

फ्लोरीन हे मूलद्रव्य मोकळे मिळवण्यात पहिले यश फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मॉयसां यांना २६ जून १८८६ रोजी आले. फ्लोरीन इतका क्रियाशील आहे की त्याआधी तो मिळवू पाहणारे कित्येक जण जखमी झाले होते, काहींनी तर प्राण गमावले होते. मॉयसां यांना १९०६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

पण हा आक्रमक वायू कार्बनशी एकदा जोडला गेला की त्याचा स्वभाव पालटतो. कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४१० किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बन-क्लोरीन बंधाला सुमारे ३३०, तर कार्बन-फ्लोरीन बंधाला सुमारे ४८५. सेंद्रिय रसायनात कार्बनचा याहून बळकट एकेरी बंध सहसा आढळत नाही. एकाच कार्बनवर दोन-तीन फ्लोरीन बसले तर तो आणखी घट्ट होतो. शिवाय फ्लोरीनचे अणू कार्बनच्या साखळीभोवती चिलखतासारखे दाटून बसतात, त्यामुळे बाहेरच्या कोणत्याही अभिकारकाला आत शिरकाव मिळत नाही.

उद्योगांना हे चिलखतच हवे होते. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरत. हे वायू गळले तर माणसे दगावत. १९२८ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन हा पर्याय शोधला. पुढे तो फ्रिऑन-१२ किंवा आर-१२ या नावाने जगभर गेला. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्युपाँ कंपनीतील रॉय प्लंकेट यांना टेट्राफ्लोरोएथिलीनच्या सिलिंडरमधून वायू येईना, म्हणून त्यांनी तो कापून पाहिला. आत पांढरी भुकटी सापडली. तेच टेफ्लॉन. अणुबाँबच्या प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लोराइड या जहाल वायूपुढे टिकणारे पदार्थ हवे होते, तेव्हा टेफ्लॉन तिथे उपयोगी पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर थ्रीएम कंपनीने विजेच्या साहाय्याने हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवण्याची पद्धत कारखान्यात आणली. त्यातून आठ कार्बनची दोन रसायने पुढे गाजली: पीएफओए, म्हणजे परफ्लोरोऑक्टॅनॉइक आम्ल, आणि पीएफओएस हे त्याचे सल्फोनिक भावंड. कापडाला पाणी व तेल लागू न देणारे लेप, आगीवर मारायचा फेस, टेफ्लॉन बनवतानाचा साहाय्यक पदार्थ, असे त्यांचे अनेक उपयोग झाले. 'विघटन होत नाही' हे वाक्य तेव्हाच्या जाहिरातीत शोभणारे होते.

आकाशातला हिशेब

पहिला हिशेब हवेत लागला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये जहाजावरून प्रवास करत हवेचे नमुने तपासले. तेव्हा वस्तीपासून दूर, अटलांटिकच्या दक्षिण भागातही क्लोरोफ्लोरोकार्बन वायू सापडले. कारखान्यातून बाहेर पडलेला वायू कुठेही नाहीसा होत नाही, तो हवेत साठत आहे, हे यावरून दिसले. मग १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी प्रश्न विचारला, की या वायूचा शेवट होतो तरी कुठे?

येथे विद्यार्थी एक चांगली शंका काढतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांची ऊर्जा मोलमागे ४०० किलोज्यूलच्या आसपास असते, मग ३३० चा कार्बन-क्लोरीन बंध खालीच का तुटत नाही? उत्तर असे, की पुरेशी ऊर्जा असून भागत नाही. रेणूने ते किरण शोषावे लागतात. आर-१२ चा रेणू हे किरण शोषतच नाही. तो शोषतो त्याहून आखूड लहरी, आणि त्या ओझोनच्या थरामुळे खाली येत नाहीत. म्हणून हा वायू दशकानुदशके तरंगत वर स्थितांबरात जातो. तिथे आखूड लहरींनी त्याचा क्लोरीन सुटा होतो आणि एकेक क्लोरीन अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. आर-१२ चे वातावरणातील सरासरी आयुष्य सुमारे १०० वर्षे आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीतल्या फ्रिजमधून गळलेला वायू अजून पूर्ण संपलेला नाही.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचा ऱ्हास होत असल्याचे प्रसिद्ध झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या फवाऱ्यांसारखे औषधी अपवाद वगळता भारतातले क्लोरोफ्लोरोकार्बनचे उत्पादन थांबले. मिजली यांच्या फुंकरीपासून मोलिना-रोलंड यांच्या निबंधापर्यंत ४४ वर्षे गेली होती.

क्लोरीन काढून टाकलेला पुढचा वायू म्हणजे आर-१३४ए. मोटारींच्या वातानुकूलनात आणि अनेक फ्रिजमध्ये तो आला. त्याच्या रेणूत दोन हायड्रोजन मुद्दाम ठेवलेले असतात. हवेतील हायड्रॉक्सिल मूलक त्या हायड्रोजनवर हल्ला करते आणि रेणू सुमारे १४ वर्षांत मोडतो. त्याने ओझोन वाचला. पण मोडतो म्हणजे काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. कार्बन-हायड्रोजन बंध तुटतो, तीन फ्लोरीनचा गट अनेकदा अभंग राहतो. या वायूचा ७ ते २० टक्के भाग ट्रायफ्लोरोॲसिटिक आम्लात बदलतो. त्याहून नवा, मोटारींत वापरला जाणारा आर-१२३४वायएफ हा वायू दोनएक आठवड्यांत मोडतो, परंतु जवळजवळ सगळा याच आम्लात बदलतो. हे आम्ल पावसाबरोबर खाली येते, पाण्यात सहज मिसळते आणि तिथेच राहते. सक्रिय कोळशाच्या गाळणीत ते फारसे अडकत नाही. झाडे ते मुळांवाटे घेतात. पानांतून पाणी उडून जाते, आम्ल मागे उरते. म्हणजे रेणू मोडला, पण त्यातला न मोडणारा तुकडा हवेतून पाण्यात आला, एवढेच झाले.

रक्तातला हिशेब

दुसरा हिशेब माणसाच्या रक्तात लागला. अमेरिकेतील डोनाल्ड टेव्हस यांनी १९६८ मध्ये दाखवले, की रक्तद्रवात फ्लोरीन दोन रूपांत असतो. एक साधा फ्लोराइड आयन, आणि दुसरा सेंद्रिय रेणूला जखडलेला. या भेदाची आपल्याकडे वर्गात हमखास गल्लत होते. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे विहिरींच्या पाण्यात खडकांतून येणारा फ्लोराइड आहे. त्याने दात व हाडे बिघडतात, त्याची चाचणी सोपी आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याला मर्यादा आहे. पीएफओए मधील फ्लोरीन मात्र कार्बनला सोडतच नाही. त्यामुळे फ्लोराइडच्या नेहमीच्या चाचणीत तो दिसत नाही. ते शोधायला क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमीटर ही महागडी जोडी लागते. २०१२ च्या भारतीय मानकात फ्लोराइड आहे, ही सेंद्रिय रसायने नाहीत.

शरीरातही त्यांची वागणूक वेगळी असते. डीडीटी चरबीत साठते, हे आपण शिकवतो. पीएफओए चरबीकडे न जाता रक्तातील प्रथिनांना चिकटते आणि यकृतात जमते. शरीरातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला दोन ते चार वर्षे लागतात. जमिनीत त्याचे एक टोक पाण्याशी सलगी करते, त्यामुळे ते भूजलाबरोबर दूरवर सरकते.

थ्रीएमने मे २००० मध्ये पीएफओएस व संबंधित रसायनांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. २००१ मध्ये जॉन गीसी व कुरुंथाचलम कन्नन यांनी जगभरच्या वन्यप्राण्यांत, अगदी ध्रुवीय प्रदेशातल्या प्राण्यांतही, पीएफओएस सापडल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत पार्कर्सबर्ग येथील टेफ्लॉनच्या कारखान्यात पीएफओए चा वापर १९५१ पासून होता. तिथल्या परिसरातील सुमारे ६९,००० लोकांची माहिती गोळा करण्यात आली आणि शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत सहा विकारांशी पीएफओए चा संबंध असल्याचा निष्कर्ष दिला. त्यांत मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग होता. २०२३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओए ला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. वापराला सुरुवात झाल्यापासून उत्पादन आवरते घेण्यापर्यंत अर्धे शतक उलटले होते.

त्रिस्सिनोचे भूजल

तिसरी कथा इटलीतली आहे. व्हेनेतो प्रांतात विचेंझाजवळ त्रिस्सिनो हे गाव आहे. तिथे १९६० च्या दशकात मार्झोत्तो या कापड उद्योगाच्या समूहाने रिमार नावाची संशोधन कंपनी काढली. कापड पाणी धरू नये यासाठी रसायने करणे हा मूळ हेतू होता, आणि दशकाच्या अखेरीस तिथे फ्लोरीनयुक्त साखळ्यांचे उत्पादन सुरू झाले. १९८८ मध्ये मित्सुबिशी व एनीकेम यांच्याकडे कारखाना गेला आणि दोघांच्या नावांतून 'मितेनी' हे नाव तयार झाले.

कारखान्याची जागा डोंगराच्या पायथ्याशी होती, जिथे पाणी जमिनीत मुरून खालच्या सपाटीवरील भूजलाला मिळते तिथेच. २०१३ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या जलसंस्थेने केलेल्या पाहणीतून पिण्याच्या पाण्यात ही रसायने मोठ्या प्रमाणात असल्याचे उघड झाले. विचेंझा, व्हेरोना व पादुआ या तीन जिल्ह्यांतील सुमारे साडेतीन लाख लोकांना याची झळ पोहोचली. मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे पाहून आया एकत्र आल्या आणि त्यांनी लढा उभारला. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. २६ जून २०२५ रोजी विचेंझाच्या न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. योगायोग असा, की मॉयसां यांनी फ्लोरीन वेगळा केल्याचा तोच दिवस होता.

या कथेतही उत्पादन सुरू होणे आणि पाणी मोजले जाणे यांत जवळजवळ ४५ वर्षांचे अंतर आहे. भूजल त्या काळातही गढूळ झाले नव्हते. फक्त कुणी योग्य ती मोजणी केली नव्हती.

घाटाखाली

कारखाना बंद झाला, पण यंत्रे विकली गेली. दिवाळखोरीतील लिलावात २०१९ मध्ये लक्ष्मी ऑर्गेनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीच्या समूहाने मितेनीची यंत्रसामग्री व पेटंटे विकत घेतली. ती उभी करण्यासाठी निवडलेली जागा म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत. २०२१ मध्ये कंपनीने शेअर बाजारातून भांडवल उभारले, तेव्हा या प्रकल्पाचा उल्लेख जाहीर कागदपत्रांत होता.

कोल्हापूरहून कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरले की चिपळूण येते आणि परशुरामचा घाट ओलांडला की लोटे. मधला सह्याद्री हा पाणलोटाचा दुभाजक. आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून पूर्वेला जाते. कोयनेचे वीज बनवून झालेले पाणी मात्र बोगद्यातून वाशिष्ठीत सोडले जाते आणि दाभोळच्या खाडीवाटे पश्चिमेला जाते. लोट्याच्या वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणीही याच खाडीकडे जाते. रासायनिक सांडपाण्याबद्दल खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. त्या या प्रकल्पाच्या आधीच्या आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

येथे न्यायाने बोलणे आवश्यक आहे. त्रिस्सिनोत जे घडले ते आधीच्या मालकांच्या काळात घडले. यंत्र विकत घेणाऱ्याच्या माथी ते मारता येणार नाही. यंत्राला पाप लागत नाही. फ्लोरीनयुक्त रसायनांवाचून आजची कित्येक औषधे, बॅटऱ्या व विद्युत उपकरणे बनणार नाहीत. प्रश्न कारखाना असावा की नसावा एवढाच नाही. त्याच्याभोवतालचे पाणी कोण, केव्हापासून आणि कशाने मोजणार, हा आहे. आपल्या देशाने २०२० मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीतील आणखी सात चिवट रसायनांवरील बंधनांना मान्यता दिली. त्या सातांत पीएफओएस व पीएफओए नव्हती.

मोजणी एवढी महत्त्वाची का, याचे गणित मुलांना घालून पाहावे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए ची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. म्हणजे १ ग्रॅम पीएफओए २५ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल पोहण्याच्या तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. असे १०० तलाव, आणि चिमूटभर भुकटी.

तोडणार कसे?

निसर्ग हा बंध तोडूच शकत नाही, असे म्हणणेही बरोबर नाही. दक्षिण आफ्रिकेतील काही विषारी वनस्पती एकच फ्लोरीन असलेले फ्लोरोॲसिटेट स्वतः बनवतात, आणि तो बंध तोडणारी विकरे असलेले जिवाणू मातीत सापडले आहेत. जिथे सराव आहे तिथे तोड आहे. मात्र ओळीने सात-आठ कार्बनवर पंधरा-सतरा फ्लोरीन, अशी रचना निसर्गाच्या सरावातली नाही. कारखान्यात बनवलेले काही लांब रेणू मातीत मोडतात खरे, पण त्यांतून शेवटी पीएफओए सारखी साखळीच शिल्लक राहते.

पाण्यातून पीएफओए काढायला सक्रिय कोळसा किंवा उलट परासरण वापरतात. त्यात रसायन नष्ट होत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. कोळसा पुढे १००० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमानाला नीट जाळावा लागतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील विल्यम डिक्टेल यांच्या गटाने कॉस्टिक सोडा व एक विद्रावक वापरून सुमारे १२० अंशांवर पीएफओए गटातील आम्ले मोडून दाखवली. त्यांनी चिलखतावर घाव न घालता रेणूच्या दुबळ्या टोकावर घातला. युक्ती सुंदर आहे. पण ती भांड्यात गोळा केलेल्या रसायनासाठी आहे, खाडीत किंवा भूजलात विरलेल्या रसायनासाठी नाही. मळीच्या बाबतीत चूक झाली तर नदी आपल्याला दुसरी संधी देते. या रसायनांच्या बाबतीत आवर घालायचा तो कारखान्याच्या नळापाशीच.

वर्गात करण्याजोगे एक छोटे काम सुचवतो. घरातील व दुकानांतील फ्रिजच्या मागच्या पट्टीवर कोणता वायू लिहिला आहे ते मुलांनी टिपून आणावे: आर-१३४ए की फ्लोरीन नसलेला आर-६००ए. शेजारी खरेदीचे वर्ष लिहावे. तव्याचा लेप, रेनकोटवरचा लेप, अग्निशामक फेस यांचीही यादी करावी. कोणत्या वस्तूतला फ्लोरीन पुढे हवेत जाईल, कोणता पाण्यात आणि कोणता कचऱ्यात, यावर चर्चा व्हावी. वरच्या वर्गांनी आपल्या तालुक्यातील विहिरी व नद्यांच्या पाण्याचे उपलब्ध तपासणी अहवाल मिळवून, त्यांत कोणते घटक मोजले आहेत आणि कोणते रकानेच नाहीत, हे पाहावे.

हवेतल्या वायूला ४४ वर्षे लागली, पार्कर्सबर्गला अर्धे शतक, त्रिस्सिनोला ४५ वर्षे. आज नववीत असलेला विद्यार्थी आणखी ४५ वर्षांनी साठीच्या उंबरठ्यावर असेल. लोट्याच्या परिसरातल्या विहिरींत व खाडीत आज काय आहे, याची नोंद आजच झाली, तर उद्याच्या प्रत्येक आकड्याला तुलनेसाठी आधार मिळेल. ती नोंद करून ठेवायला बंध तोडण्याची विद्या लागत नाही.